पुणे शहरातील बिऱ्हाडे आणि भाड्याचे कायदे

शहरांचा इतिहास लिहिताना आपले लेखक वाडे, देवळे आणि लढाया यांची वर्णने मोठ्या हौसेने करितात. परंतु त्या शहरात राहणाऱ्या सामान्य कुटुंबाने दरमहा घरधन्याच्या हाती काय ठेविले, आणि त्याच्या मोबदल्यात त्यास कोणत्या प्रकारचे छप्पर लाभले, याची नोंद क्वचितच आढळते. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे गावचे घर सोडून पुण्यास आली, ती प्रथम भाड्याच्या खोलीतच. म्हणून प्रस्तुत अंकाच्या निमित्ताने पुण्याच्या बिऱ्हाडांची ही हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. ज्या वाड्यांतून एकेका सरदाराचा वा सावकाराचा गोतावळा नांदत असे, तेथे पुढे वाटण्या झाल्या, उत्पन्ने आटली, आणि रिकाम्या दालनांचे करायचे काय, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर बाहेरून आले. १८५८ साली आगगाडी पुण्यापर्यंत पोचली. सरकारी कचेऱ्या वाढल्या. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली फर्गसन कॉलेज निघाले. कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांची रीघ पेठांतून लागली. तेव्हा मालकांनी सोपे आणि माड्या यांमध्ये फळ्यांच्या भिंती घालून खणांच्या हिशेबाने जागा देण्यास प्रारंभ केला. दोन खांबांमधील अंतर तो खण. दोन खणांत नवरा-बायको, मुले आणि गावाहून शिकावयास आलेला एखादा पुतण्या, असा संसार मावत असे. नळ चौकात, संडास मागील दारी, आणि लेखी करार म्हणाल तर एखादी भाडेचिठ्ठी; बाकी सारे घरधन्याच्या मर्जीवर.

१८९७ च्या प्लेगाने ही दाटीवाटी किती घातक आहे ते दाखविले. रँडसाहेबाच्या अंमलात घराघरांची झडती झाली आणि माणसे गावाबाहेर झोपड्यांत जाऊन राहिली. तो सर्व इतिहास परिचित आहे. आमच्या विषयापुरते इतकेच, की जुन्या पेठा सोडून मोकळ्या हवेत घर असावे ही इच्छा सुखवस्तू लोकांत मूळ धरू लागली. ज्यांस ती परवडली नाही ते प्लेग ओसरताच पुन्हा त्याच वाड्यांत परतले.

आता एका गोष्टीचा उल्लेख स्पष्टपणे केला पाहिजे. खोली देताना घरधनी भाडे मागाहून सांगे. आधी जात विचारी. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशचे उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या मराठी राजाच्या राजधानीत त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. एवढ्या विद्वान पुरुषाची ही गत, तर इतरांची काय असेल! पुण्याच्या पेठाही या बाबतीत निराळ्या नव्हत्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केले व त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, त्याचे एक कारण हेच, की शिकू इच्छिणाऱ्या मुलास शहरात कोणी खोली देत नसे. मुंबईत गावदेवीस १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे परिश्रम होते. ज्ञातिसंस्थांनी घरबांधणीत पडावे हा विचार त्या उदाहरणाने दूरवर पसरला.

या व्यवस्थेने पुष्कळांस आसरा मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यास दार उघडले त्यानेच मागून येणाऱ्यास ते बंद करावे, हा प्रकार आम्हांस कधीच रुचला नाही. तरुणपणी शिक्षकाच्या नोकरीवर रुजू होऊन आम्ही पुण्यात खोली शोधीत होतो, तेव्हा एका घरधन्याने जागा दाखविली, भाडे ठरविले आणि जिना उतरता उतरता आमचे आडनाव विचारून ‘खोली भाच्यासाठी ठेविली आहे’ असे सांगितले. भाचा पुढे वर्षभर आलाच नाही. आज आपल्या ज्ञातीतील कित्येकांची स्वतःची घरे आहेत व ती भाड्याने दिली जातात. तेथेही आडनाव आणि आहार यांची चौकशी होते, हे आम्ही कानांनी ऐकले आहे. सहकारी संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेविल्यास ते बेकायदेशीर ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणी दिला आहे. कायद्याने एखादी गोष्ट चालते, एवढ्यावरून ती शोभते असे होत नाही.

असो. मुख्य विषय कायद्याचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यात घरभाडी भडकली म्हणून १९१८ साली पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धात तीच अवस्था झाली, आणि अखेर मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली संमत होऊन १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल तेच सामान्यतः ‘प्रमाणभूत भाडे’ ठरले. ते नियमाने देणाऱ्या भाडेकरूस कारणाशिवाय काढता येईना. पागडी घेणे गुन्हा ठरला. आणि भाडेकरू वारल्यास त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तोच हक्क चालू राहिला. कायदा तात्पुरता होता. पण त्यास पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली, ती पन्नास वर्षे.

या कायद्याने गरिबांस रक्षण दिले. त्याच्याच आधारावर आपल्यातील किती तरी मुले पेठांतून राहून शिकली. मात्र त्याचे गणितही पाहावे. समजा १९४० साली दोन खणांचे भाडे महिना १० रुपये होते. वर्षाचे १२० झाले. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च वळता करावा, अशी तरतूद होती. पण तीस मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे ३० रुपयांची. एवढ्यात एका पावसाळ्याची कौलेही शाकारून होईनात! मालक म्हणे, मी कशातून करू? भाडेकरू म्हणे, वाडा माझा नव्हे. तुळया कुजत राहिल्या. भाडे घेण्याचे मालकाने नाकारावे, भाडेकरूने ते मनीऑर्डरने पाठवावे, मनीऑर्डर परत यावी आणि प्रकरण न्यायालयात जावे, हा क्रम पेठांतील मुलांनाही पाठ झाला होता.

अशात १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेतचे धरण फुटले व मुठेच्या लोंढ्याने नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे जमीनदोस्त केले. एका दिवसात बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे रस्त्यावर आली. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींकडे पुष्कळ पूरग्रस्त कुटुंबे गेली आणि शहर पेठांच्या सीमेबाहेर पसरले. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहत होते. १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा झाला. कर्ज काढून का होईना, स्वतःचा ब्लॉक घ्यावा, ही धारणा दृढ झाली. देशातील शहरांत १९६१ साली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले.

भाड्याची घरे कमी होण्यास भीतीही कारण झाली. भाडेकरू निघत नाही म्हणून मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या नावाने जागा देऊ लागले होते. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर राहणाऱ्यांस भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांस तो मिळाला त्यांचे भले झाले. पण घर दिले की गेले, अशी मालकांची समजूत होऊन कित्येकांनी घरांस कुलपे घातली.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचे मत दिले, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षास ४ टक्के वाढ मान्य झाली व पागडीचा व्यवहार कायदेशीर ठरला. आमच्या दहा रुपयांस प्रारंभीची ५ टक्के वाढ देऊन पुढे पंचवीस वर्षे चक्रवाढीने आकारणी केली, तरी भाडे अठ्ठावीस रुपये होते! नव्या जागांचे भाडे मात्र बाजार ठरवितो. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांमुळे वाकड-बाणेरकडे उंच इमारती झाल्या. सदाशिव-नारायण पेठांत स्पर्धापरीक्षेची मुले कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे भाडे आता खणाचे नसून खाटेचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत या खाटा ओस पडल्या होत्या. पुढे पुन्हा भरल्या. करार अद्यापि अकरा महिन्यांचाच करितात. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असे, ती चुकविण्यासाठी हा अकराचा आकडा रूढ झाला. नव्या कायद्याच्या कलम ५५ ने महाराष्ट्रात प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. तरी आकडा तसाच राहिला. सवय कायद्याहून चिवट असते.

जुन्या वाड्यांत राहिलेल्या आपल्या कुटुंबांची स्थिती मात्र नाजूक आहे. वाडे विकसकांकडे जात आहेत, पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या नोटिसा येतात, आणि पुष्कळांची भाडेपावती अजून आजोबांच्या नावे निघते. मूळ भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्याजवळ कोण राहत होते, यावर कायद्यात वारसाचा हक्क अवलंबून आहे. तो प्रश्न न्यायालयात निघाल्यावर पुरावे शोधण्याची धावपळ व्यर्थ होते. तेव्हा शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद, वीजबिले, मृत्यूचा दाखला आणि जुन्या पावत्या एकत्र बांधून ठेवाव्यात, व पावतीवर नाव बदलून देण्याची मागणी मालकाकडे लेखी करावी. मालकाने ती नाकारल्यास त्या अर्जाची पोच तरी जपून ठेवावी. ज्या भगिनी एकट्या राहत आहेत, त्यांनी कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. ज्ञातीतील वकील मंडळींनी महिन्यातून एक रविवार यासाठी दिल्यास पेठांतील ही कागदपत्रे एका वर्षात तपासून होतील.