राबणे आणि राबता : गावाच्या सार्वजनिक जागेवरील श्रमाचा शब्देतिहास

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्याबरोबर ज्या जागांचा उल्लेख येतो, त्यांना मराठीत ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ म्हणतात. हा शब्दप्रयोग ज्याने योजला त्याच्या भाषाज्ञानाचे कौतुक करावयास हवे. ‘राबता’ हा अरबी ‘राबिता’ या शब्दापासून आपल्याकडे आलेला आहे. संबंध, दळणवळण, नित्याची ये-जा असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘राबणे’ या क्रियापदाशी त्याचे काहीएक नाते नाही. परंतु मराठी माणसाच्या कानाला हे दोन्ही शब्द भावंडांसारखे वाटतात, आणि या योगायोगातून एक ऐतिहासिक प्रश्न आपोआप उभा राहतो : गावाच्या सार्वजनिक जागेवर जो राबत होता, त्याचा तेथे राबता होता काय ? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा काही शब्दांच्या आधारे घेण्याचा विचार आहे.

गावाची सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे प्रथम सांगावयास हवे. आज कित्येक ग्रामपंचायतींच्या आवारात ‘उद्यान’ अशी पाटी दिसते, चार बाके असतात, एखादी घसरगुंडी असते. हा नागर कल्पनेचा अलीकडचा प्रवेश होय. त्यापूर्वी उद्यानाचे काम गावातील निरनिराळ्या जागा मिळून करीत असत. वड-पिंपळाभोवतीचा पार ही बसण्याची जागा, चावडीपुढचे पटांगण ही सभेची, देवराई ही सावलीची व श्रद्धेची, गायरान हे गुरांचे, आणि देवळाभोवतीचे माळरान हे जत्रेचे. कोकणात देवराईला ‘देवरहाटी’ असेही नाव आहे. देवराईच्या बाबतीत गावाचा श्रम हा मुख्यतः संयमाचा होता : झाड तोडावयाचे नाही, वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे या संयमाचे मोल विद्वानांच्या ध्यानी आले. पण पार बांधणे, पटांगण झाडणे, जत्रेसाठी माळ साफ करणे ही कामे संयमाने होत नाहीत. त्यांना हात लागतात. ते हात कोणाचे, हा आपला विषय.

जुन्या लेखांत हात क्वचितच दिसतात, दाते मात्र ठळक दिसतात. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख याचे उत्तम उदाहरण आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई आपल्या दानधर्माची यादी देताना धर्मशाळा, आराम म्हणजे बागा, तलाव, विहिरी, नदीच्या दोन्ही तीरांवरील सभा व प्रपा यांचा उल्लेख करतो; शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा व नाशिकजवळचे गोवर्धन ही नावे त्यात आहेत. सार्वजनिक बाग हे पुण्यकर्म होते याचा हा महाराष्ट्रातील फार जुना लेखी पुरावा होय. तलाव खणणाऱ्यांविषयी त्या लेखात अवाक्षर नाही.

मात्र त्याच काळाच्या आसपास, शक ७२ मध्ये म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, जुनागढजवळ गिरनारच्या शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन्याने कोरविलेला लेख या बाबतीत बोलका आहे. वादळाने फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध आपण पुन्हा बांधविला, आणि तो पौरजानपदांना कर, विष्टी व प्रणय यांचा उपद्रव न देता, स्वतःच्या कोशातून बांधविला, असे त्यात अभिमानाने सांगितले आहे. राजाला ज्याचा अभिमान वाटतो ते सर्रास घडत नसते, एवढे अनुमान यावरून काढण्यास हरकत नसावी. विदर्भातील वाकाटकांच्या पाचव्या शतकातील ताम्रपटांत, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक येथील ताम्रपटात, दान दिलेले गाव सर्व प्रकारच्या विष्टीपासून मुक्त केल्याचे नमूद आहे. जे माफ करावे लागते ते इतर गावांत चालू असते, हेही उघड आहे.

ही ‘विष्टि’ म्हणजेच आपली ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृत ‘विट्ठि’, मराठी ‘वेठ’ ही परंपरा ध्वनिदृष्ट्या निर्वेध आहे. गुजरातीतही ‘वेठ’च आहे. पुढे फारसी ‘बेगार’ शब्द येऊन तिला चिकटला आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द तयार झाला. ‘बाजारहाट’, ‘धनदौलत’ यांच्याप्रमाणेच एक शब्द परका, एक आपला, व दोघांचा अर्थ एक, अशी त्याची घडण आहे. राज्यकर्ते बदलले, त्यांची दप्तरी भाषा बदलली, पण जुनी वस्तू जागेवरच राहिली म्हणजे असे जोडशब्द जन्माला येतात. १९७६ च्या कायद्यानंतर ‘वेठबिगार’ हा शब्द कर्जापोटी बांधल्या गेलेल्या मजुरासाठी रूढ झाला, हे अर्थांतर विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. जुन्या वेठीत कर्जाचा संबंध नव्हता. ती सत्तेची मागणी होती, आणि तिला हिशेब नव्हता.

येथे असा आक्षेप येईल की गावात परस्परसाहाय्याची परंपराही होतीच. ती होती, आणि तिचे शब्दही जिवंत आहेत : सावड, इर्जिक, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागातील पडकई. आज माझ्या शेतावर तुम्ही, उद्या तुमच्या शेतावर मी. इर्जिकीला वर जेवण. परंतु या शब्दांचे क्षेत्र तपासले तर एक गोष्ट लक्षात येते. ते खाजगी शेताचे शब्द आहेत. नांगरणी, लावणी, काढणी, बांधबंदिस्ती यांच्यापुरते ते वापरले जातात. चावडी झाडण्याला कोणी सावड म्हटले नाही. सावडीला दोन बरोबरीचे पक्ष लागतात व परतफेड लागते. सार्वजनिक जागा परतफेड कोणाला करणार? जुन्या ग्रामजीवनाविषयी स्मरणरंजनाने लिहिणारे लेखक सावडीचा दाखला देऊन सगळे गाव एक कुटुंब होते असे सुचवितात, तेव्हा हा भेद त्यांच्या नजरेतून सुटलेला असतो.

जत्रा हा मात्र संमिश्र प्रकार आहे. ‘यात्रा’ या शब्दाचेच हे रूप. पण यात्रा आपण करतो आणि जत्रा गावाची भरते. तिच्यासाठी घरटी पट्टी किंवा वर्गणी गोळा होई, माळ साफ होई, कुस्त्यांचा आखाडा खणला जाई, पालखीची वाट नीट केली जाई. ही कामे बलुतेदारीच्या चौकटीत वाटलेली असत, व यांपैकी कित्येकांना ‘मान’ असे नाव होते. मान हा शब्द मोठा किमयागार आहे. पालखीला खांदा देणे हे वस्तुतः ओझे वाहणेच, पण तो मान ठरला की त्यासाठी भावकीत तंटे होतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतात. सरकारी कामगाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणे हेही ओझे वाहणेच. त्यासाठी मात्र कोणी तंटा केल्याचे ऐकिवात नाही. श्रम तोच, नाव निराळे. आणि नाव कोणी ठेवावे हे ठरलेले होते.

हे दुसरे ओझे प्रामुख्याने वतनदार महारांकडे होते. चावडी व गावचे रस्ते झाडणे, मेलेली गुरे ओढणे, निरोप पोहोचविणे, सरकारी माणसांची सरबराई करणे या कामांना वेळेची मर्यादा नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला इंग्रजी अंमलातही कायद्याचे रूप दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभाच हा होता की सेवा अनिश्चित, मोबदला तुटपुंजा, आणि बांधलेले मात्र सगळे कुटुंब. १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले.

राबण्याची बाजू अशी. राबत्याची बाजू याच काळात पुढे आली. सरकारी वा लोकनियुक्त संस्थांच्या पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा रा. ब. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. ठराव होणे आणि पाणी मिळणे यांतील अंतर महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सर्वांना दिसले. तळ्याच्या खटल्याचा मुंबई उच्च न्यायालयातील निकाल १९३७ चा आहे. जी चावडी महाराने झाडावयाची तिच्यावर त्याने बसावयाचे नाही, जो पार सर्वांचा तो त्याचा नाही, ही व्यवस्था केवळ दंडेलीवर टिकलेली नव्हती. ‘गाव’ या शब्दाच्या अर्थातच ती मुरलेली होती. ‘गाव आणि महारवाडा’ असे आपण सहज बोलत होतो, यातील ‘आणि’ पाहावा.

या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांच्या खराट्याचा अर्थ नीट लागतो. १८७६ मध्ये जन्मलेले व १९५६ मध्ये निवर्तलेले हे संत एखाद्या गावात गेले की आधी गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आपण याला स्वच्छतेचा संदेश म्हणतो, ते खरेच आहे, पण अपुरे आहे. जो खराटा जातीने हातात दिलेला होता, तो त्यांनी स्वेच्छेने हातात घेतला, आणि ज्यांनी तो कधी धरला नव्हता त्यांनाही धरावयास लावले. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, हे याच कार्याचे दुसरे अंग होय : आधी राबणे वाटून घेतले, मग राबता खुला केला.

‘श्रमदान’ हा शब्द या नंतर बहराला आला. मोल्स्वर्थच्या कोशात, त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतही, ‘वेठ’ व ‘बिगार’ सापडतात. ‘श्रमदान’ तेथे शोधणे व्यर्थ आहे. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाल्यावर संपत्तिदान, बुद्धिदान, ग्रामदान, जीवनदान अशी जी शब्दमाला तयार झाली, तीत हा शब्द शोभून दिसला. आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेने त्याला सरकारी दप्तरात नेले. रस्ते, विहिरी, शाळांच्या इमारती, खेळाची मैदाने यांसाठी लोकांचा वाटा श्रमाच्या रूपाने मोजला जाऊ लागला. शब्द सुंदर होता. ज्याच्याकडून आजवर श्रम घेतला जात असे, त्याला त्याने दाता केले.

पण शब्द बदलल्याने वाक्यरचना बदलतेच असे नाही. ‘वेठीस धरणे’ या प्रयोगात राबणारा हा कर्म असतो. ‘श्रमदान करणे’ यात तो कर्ता होतो. आता अहवालांतील नेहमीचे वाक्य पाहा : ‘ग्रामस्थांकडून श्रमदान करून घेण्यात आले.’ येथे कर्ता नाहीसा झाला आहे आणि दाता पुन्हा साधन बनला आहे. दान करून घेता येत नाही, हे व्याकरणाला कळते. अहवाल लिहिणाऱ्याला कळत नाही. हा केवळ वैयाकरणाचा कीस नव्हे. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी पश्चिम उत्तर प्रदेशातील सामूहिक विकास प्रकल्पाचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने आली आहे. श्रमदानात वरिष्ठ मंडळींनी देखरेखीचे काम पत्करले, दुरुस्त झालेल्या रस्त्यांचा उपयोग त्यांच्याच गाड्यांना झाला, आणि गरिबांना हा बेगारीचाच नवा अवतार वाटला, असे त्यांचे निरीक्षण आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगारीला मनाई केली आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्याला दिली आहे, पण त्यात धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही अशी अट घातली आहे. म्हणजे संविधानकर्त्यांना प्रश्न नेमका ठाऊक होता.

महाराष्ट्रात पुढे रोजगार हमी योजनेने तिसरा मार्ग दाखविला : सार्वजनिक काम, पण मजुरीच्या हक्कासह. आदर्श गाव योजनेत श्रमदानाला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला बसविले गेले. चराईबंदीचा भार ज्याच्याकडे जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत त्याच्यावर अधिक पडतो, याची चर्चा मात्र व्हावी तितकी होत नाही. २०१६ ते २०१९ या वर्षांत जलसंधारणाच्या स्पर्धेने उन्हाळ्यातील पंचेचाळीस दिवस गावोगाव फावडी चालविली, आणि शहरांतील माणसेही त्यात उतरली. त्या माळावर सकाळी सहाला जमलेल्या गर्दीत जुन्या वेठीचा मागमूस नव्हता, हे मान्य करावयास हवे; निदान पुष्कळ ठिकाणी नव्हता.

आपल्या विभागाचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना दरवर्षी जातात, पार रंगवितात, झाडे लावतात. त्यांनी एक काम आणखी करावे. गावातील वृद्ध स्त्री-पुरुष, विशेषतः पूर्वीच्या महारवाड्यातील व मांगवाड्यातील, या कामाला कोणत्या शब्दाने ओळखतात ते टिपून आणावे. ‘श्रमदानाला गेलो’ म्हणतात, की ‘बोलावलं म्हणून गेलो’ म्हणतात. ‘कामावर’ म्हणतात की ‘कामाला’. आणि त्या पारावर सायंकाळी स्वतः बसतात काय, हेही विचारावे.