मुंबई–नागपूर अंतर व प्रवासकाळ

मुंबई आणि नागपूर या महाराष्ट्राच्या राजधानी व उपराजधानीमधील सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ६८५ किमी. आहे. रेल्वेने हे अंतर भुसावळमार्गे ८३७ किमी. भरते. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी. असली, तरी तो मुंबईत नव्हे, भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. त्यामुळे मुंबई शहरापर्यंतचा रस्ता साडेसातशे किमी.च्या आसपास जातो. आकडे असे वेगवेगळे असल्याने केवळ किलोमीटरवरून या प्रवासाची कल्पना येत नाही. दोन शहरे किती लांब आहेत, हे घरापासून मुक्कामापर्यंत लागणाऱ्या वेळावरूनच ठरवायला हवे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमी.चा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या शेवटच्या टप्प्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किमी. लांबीचा बोगदा असल्याने कसारा घाटाची चढण टळते. मोटारींसाठी ताशी १२० किमी. ही वेगमर्यादा आहे. त्या हिशेबाने ७०१ किमी. सहा तासांच्या आत संपायला हवेत. पण कमाल वेग म्हणजे सरासरी वेग नव्हे. इंधन, जेवण आणि चालकाची विश्रांती धरून सांगितला जाणारा आठ तासांचा काळच खरा मानावा. सरळसोट रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका मोठा असतो, म्हणून विश्रांतीच्या वेळात काटकसर करणे जिवावर बेतू शकते. आमण्यापासून ठाणे-मुंबईच्या वाहतुकीत आणखी एक ते दोन तास जातात.

विमान हे अंतर साधारण दीड तासात कापते. म्हणून विमान रस्त्यापेक्षा पाच-सहा पट वेगवान, असे सहज म्हटले जाते. मात्र सामान जमा करण्याचे काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतात. त्याआधी विमानतळ गाठणे, नंतर सुरक्षा तपासणी आणि उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ थांबणे आलेच. सोनेगावचा विमानतळ नागपूर शहरालगतच असला, तरी मुंबईच्या उपनगरांतून सांताक्रूझ-अंधेरीला पोहोचायला तास-दीड तास लागतो. हे सगळे जमेस धरले की विमानाचा प्रवास साडेचार-पाच तासांचा आणि मोटारीचा नऊ-दहा तासांचा होतो. म्हणजे खरा फरक दुपटीचा आहे.

दुपटीचा फरकही लहान नाही, हा आक्षेप रास्त आहे. सकाळी निघून मुंबईतील काम आटोपून रात्री परतायचे असेल, तर विमानाला पर्याय नाही. हवाई अंतर निरुपयोगी आहे, असेही नाही. उड्डाणाचे नियोजन आणि इंधनाचा अंदाज करताना ते विचारात घेतले जाते. परंतु विमान फक्त दोन टोके जोडते. मेहकर, कारंजा किंवा जालन्याच्या माणसाला मुंबई किती दूर, याचे उत्तर मुंबई–नागपूर उड्डाणाच्या वेळापत्रकात मिळत नाही. ते समृद्धी महामार्गाच्या जवळच्या इंटरचेंजपर्यंतच्या रस्त्यावर अवलंबून असते. मंत्रालय मुंबईत असलेल्या राज्यात विदर्भाला हे अंतर कायम जाणवत आले आहे. १९५३च्या नागपूर करारात दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याची तरतूद करावी लागली, ती याच जाणिवेतून. म्हणूनच या दोन शहरांमधले अंतर नोंदवताना विमानाच्या दीड तासाइतकेच महत्त्व मधल्या गावांच्या प्रवासकाळाला दिले पाहिजे.