कोआला, जांभळे फूल आणि सरकारी मुभा

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या सरकारने १९२७ सालच्या ऑगस्ट महिन्यापुरती कोआलाच्या शिकारीची मुभा दिली ती खेड्यापाड्यांतील बेकार, गांजलेल्या मतदारांना चार पैसे मिळावेत म्हणून. परंतु सुमारे दहा हजार परवानेधारकांनी त्या एका महिन्यात जवळजवळ सहा लक्ष प्राणी मारले आणि त्यांची दाट, मऊ कातडी परदेशी बाजारपेठांकडे रवाना झाली. पिलाला पोटावरच्या पिशवीत वाढवणारा, निलगिरीच्या पाल्यावर जगणारा आणि वर्षाकाठी बहुधा एकाच पिलाला जन्म देणारा हा वृक्षवासी जीव एवढा संहार कसा भरून काढणार? वृत्तपत्रांनी धिक्कार केला, धर्मोपदेशकांनी विनवण्या केल्या; हुकूम मात्र कायम राहिला. तो निषेध अगदीच व्यर्थ गेला नाही, कारण त्यानंतर त्या राज्यात अशी मुभा पुन्हा कधी मिळाली नाही.

याच देशात भूमध्य समुद्राकाठचे एक जांभळे फूल एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून आले आणि कुंपण ओलांडून लक्षावधी एकर कुरणांवर पसरले. ज्या पॅटरसन कुटुंबाच्या बागेतून ते निसटले असे लोक मानतात, त्याच्या नावाने त्याला 'पॅटरसन्स कर्स' म्हणतात. घोड्यांच्या व डुकरांच्या यकृताला घातक असलेल्या या तणावर कीटक सोडण्याची तयारी सरकारी शास्त्रज्ञांनी केली, तोच १९८० साली काही मधुमक्षिकापालक आणि मेंढपाळ न्यायालयात गेले. या फुलावर आमचा मध पिकतो, कोरड्या मुलखात आमची जनावरे यावर जगतात, अशी त्यांची फिर्याद होती. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्यातून १९८४ चा जैविक नियंत्रणाचा कायदा जन्मला, रीतसर चौकशी झाली, आणि मनाई उठायला १९८८ साल उजाडले.

परक्या तणाची बाजू आठ वर्षे टिकली, आणि देशी जीवाची एक महिनाही टिकली नाही. फुलाच्या वतीने उभे राहिलेल्यांची रोजीरोटी त्यावर होती. कोआलाच्या कैवाऱ्यांचा त्यात कवडीचाही स्वार्थ नव्हता, आणि सरकारदरबारी तेच त्यांचे दुबळेपण ठरले, असे मला वाटते. जंगलतोड, रोग आणि वणवे यांनी जर्जर झालेल्या या प्राण्याला क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश येथे 'संकटग्रस्त' असा दर्जा मिळाला तो २०२२ च्या फेब्रुवारीत.

त्या राजधानीभोवती, कॅनबेरा येथे, २००३ च्या जानेवारीत भीषण वणवा पेटला होता. टिडबिनबिला अभयारण्यातील कोआलांपैकी त्यातून एकच मादी वाचली; आणि त्या वर्षी जळालेल्या कुरणांवर जांभळे फूल असे माजले की, चरायला दुसरे काही न उरल्याने ते खाऊन चाळीसहून अधिक घोडे दगावले.