दोन त्रिकोणांच्या पलीकडे

सायकलीचें चित्र काढावयास कोणत्याहि मुलास सांगितलें, तर तो दोन चाकें काढील आणि त्यांच्यामध्यें दांड्यांचे दोन त्रिकोण जोडील. ही आकृति जणूं सृष्टिक्रमानेंच ठरली आहे, अशी आपली समजूत झालेली असते. इतिहास मात्र निराळें सांगतो. १८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्लीनें साखळीची ‘रोव्हर’ सायकल बनविली; पुढें थोड्याच वर्षांत पोलादी नळ्यांचा दुहेरी त्रिकोण रूढ झाला. सरळ नळ्या जोडून हलका व बळकट सांगाडा करावयाचा, तर याहून सोयीची रचना विरळाच.

परंतु रूढीचा कायदा झाला म्हणजे प्रकरण पालटतें. १९३३ सालीं पॅरिस येथें फ्रान्सिस फोर यानें मोशेच्या, पाठीवर रेलून चालवावयाच्या सायकलीवर तासाभरांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडून १९१४ चा विक्रम मोडला. दुसऱ्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें असलीं वाहनें आपल्या शर्यतींतून वगळलीं! १९९२ सालीं बार्सेलोनाच्या ऑलिंपिकमध्यें बोर्डमन यानें ‘लोटस’च्या एकसंध कार्बन सांगाड्यावर सुवर्णपदक जिंकलें, त्यांत नळ्यांचे त्रिकोण नव्हतेच. कार्बनचे तंतु राळेंत भिजवून सांच्यांत बसविले कीं हवा तो आकार घेतात. तरीहि २००० सालापासून संघानें त्रिकोण पुन्हा सक्तीचा केला. स्पर्धा माणसांची असावी, यंत्रांची नव्हे, हा त्यामागील हेतु अगदींच त्याज्य म्हणवत नाहीं.

वेगळ्या आकाराला आश्रय मिळाला तो ट्रायथलॉनमध्यें. पोहणें, सायकल व धावणें यांची ही शर्यत. हवाई बेटांवर १९७८ सालीं सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन’मध्यें सायकलीचा टप्पाच १८० किलोमीटरांचा. तेथें दुसऱ्याच्या आडोशानें जातां येत नाहीं. वारा ज्याचा त्यानेंच फोडावयाचा. त्रिकोणाची सक्तीहि नाहीं. म्हणूनच २०१६ सालच्या ‘सर्व्हेलो पी५एक्स’ला बैठकीखालची उभी नळी नसली तरी चाललें.

मात्र या स्वातंत्र्याचा भार मालकावर पडतो. पोलादी सांगाडा झाळतां येतो, थोडा वांकवितांहि येतो. सांच्यांतून निघालेला कार्बन वांकत नाहीं. शरीराशीं जुळवून घ्यावयाचें तें बैठक, हँडल व कोपरांचे टेकू यांनींच. बोल्ट फाजील आवळला तर तडा जातो. तेथें हाताचा अंदाज उपयोगाचा नाहीं, जोर मोजणारा पाना हवा. शिवाय नागपूरच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे झुकतो. येथल्या मालकानें वाऱ्याइतकाच पाण्याचा विचार केला पाहिजे; ठिबकणाऱ्या घामानें गंजणारे बोल्टहि पुसले पाहिजेत. आणि ‘झिप’प्रमाणें कारखान्यानें सांगाडे करणेंच सोडलें, तर सुटे भाग धुंडाळणें नशिबीं आलेंच.

हा खटाटोप कशासाठीं? २०१७ सालीं आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. ती ट्रायथलॉन नव्हे. परंतु दीर्घ पल्ल्यांत अंगाला न जुळणारें वाहन कितीहि वेगवान असलें तरी तें व्यर्थ, हें तत्त्व दोहोंकडे सारखेंच.

तेव्हां वर्धा रोडवर पहांटे एखादी विचित्र सायकल दिसली, तर वाचकांनीं हंसूं नये. तिच्या आकारामागें नव्वद वर्षांचा वाद आहे, आणि तिच्या एकेका बोल्टामागें मालकाची पुष्कळ दिवसांची मेहनत.