हळद-व्यापार (हिंगोली जिल्हा)

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव व हिंगोली या पाच तालुक्यांत पिकणाऱ्या हळदीचा देशी व परदेशी व्यापार. मसाल्याचे बहुतेक जिन्नस या मुलुखात बाहेरून येतात; लवंग व वेलदोडा दक्षिणेकडून, तर तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याकडून आणि मेघालयातून येते. येथून बाहेर जाणारा मसाल्याचा मुख्य जिन्नस एकच, तो म्हणजे हळद.

निजामाच्या अंमलात आणि पुढे १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे, व कापूस आणि ज्वारी ही त्याची जुनी पिके. आठ-नऊ महिने जमिनीत राहणारी हळद केवळ पावसाच्या भरवशावर लावणे परवडत नाही. तेव्हा पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांचे पाणी कालव्यांनी वसमतच्या काळ्या जमिनीत पोहोचले, त्यास विहिरींची व पुढे ठिबक सिंचनाची जोड मिळाली, आणि मगच या पिकाचा विस्तार झाला. सेलम ही येथील प्रमुख जात होय.

पाला कापून कंद खणून काढल्यावर खरी कसोटी लागते ती शिजवणीत. पूर्वी चुलाणावरील काहिलीत, आता बहुधा वाफेच्या बॉयलरात कंद शिजतात. फेस येऊन विशिष्ट वास सुटला आणि कंदात काडी सहज शिरली म्हणजे ते उतरवावेत, असा जाणत्या शेतकऱ्यांचा ठोकताळा. कमी शिजलेली हळद वाळताना कच्ची राहते व अधिक शिजलेलीचा रंग बिघडतो. दोन आठवड्यांच्या सुमारास ऊन खाल्लेली कांडी मोडताना खणकन वाजली की ती फिरत्या पिंपात घालून घासतात, आणि तिची खरबरीत साल जाऊन पिवळेपण उघडे पडते. वर्षभराच्या कष्टांचे मोल या थोड्या दिवसांत ठरते, याची जाणीव शहरातील ग्राहकास क्वचितच असते.

हिंगोली व वसमत येथील बाजार समित्यांत लिलावाने सौदे होतात. कांडी व गड्डा (मातृकंद) यांचे भाव निराळे असतात, आणि खरेदीदार कांडी मोडून आतील नारिंगी छटा पाहिल्याखेरीज बोली चढवीत नाही. अडत, हमाली व तोलाई यांचा हिशेब पुरा झाला म्हणजे माल सांगली, नांदेड व मुंबईकडे रवाना होतो, तेथे अन्य भागांच्या मालात मिसळतो आणि पुढे बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, मलेशिया अशा देशांत भारतीय हळद एवढ्याच नावाने पोहोचतो. २०२२-२३ साली देशाची हळद-निर्यात सुमारे १.५३ लाख टन, म्हणजे २० कोटी डॉलरांहून अधिक मोलाची होती. तीत हिंगोलीचा भाग किती, हे परदेशी ग्राहकास पुडीवरून कळत नाही. या व्यापारातील हा मोठा अन्याय होय, कारण प्रतवारी, दळण व बांधणी जेथे होते तेथेच नाव आणि नफ्याचा मोठा वाटा राहतो.

परदेशी खरेदीदार आता रंगाबरोबरच कर्क्युमिन या हळदीतील पिवळ्या द्रव्याचे प्रमाण, कीटकनाशकांचा अंश आणि शिसे यांच्या तपासणीचे दाखले मागतात. बांगलादेशात हळदीस चकाकी आणण्यासाठी शिसेयुक्त पिवळा रंग वापरला जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले, तेव्हापासून ही दक्षता वाढली, आणि ती सर्वथा योग्यच आहे. मात्र अशा तपासणीची सोय शेतकऱ्याच्या जवळ हवी. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यास राज्य शासनाने २०२२ मध्ये मंजुरी दिली, ती या दृष्टीने महत्त्वाची होय. ‘वसमत हळद’ या नावास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि त्या नावाने माल विकण्यासाठी उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि जो माल अन्य मालात मिसळून विकला जातो त्यास या मानांकनाचा काहीच लाभ होत नाही.