देवघरातील बंदूक

सप्टेंबर २०२१ मध्ये बंगळूर येथील कर्नाटक उच्च न्यायालयाने कोडगू जिल्ह्यासंबंधीच्या एका याचिकेचा निकाल दिला. कोडव समाजातील व्यक्तींना आणि तेथील ‘जम्मा’ जमिनींच्या धारकांना शस्त्र कायद्यातील परवान्याच्या अटीतून जी सूट आहे, ती घटनेशी विसंगत आहे, असे एका निवृत्त सेनाधिकाऱ्याचे म्हणणे होते. वंश आणि वंशपरंपरागत भूधारणा यांच्या आधारे नागरिकानागरिकांत भेद करता येणार नाही, हा त्या प्रतिपादनाचा गाभा. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. ही सूट फार पूर्वीपासून चालत आलेली आहे, ती लढवय्या परंपरेशी निगडित आहे आणि ती अमर्याद नसून मुदतीची व सशर्त आहे, असा निकालाचा रोख होता. २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने ही मुदत २०२९ पर्यंत वाढवलेली आहे.

कायद्याचा प्रश्न येथे तूर्त मिटला. परंतु समाजेतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून वेगळा प्रश्न पडतो. बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणाला, हे राजसत्ता ठरवते. ती घरात कशी ठेवावी, हे मात्र त्या घराच्या चालीरीती ठरवतात. या दोहोंचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, हे पाहण्यास कोडगूसारखे दुसरे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

या सवलतीचा उगमही बंगळुरातच झाला. म्हैसूर आणि कोडगूचा कारभार पाहणारे कमिशनर मार्क कब्बन यांचे मुख्य ठाणे या शहरात होते. १८५७ च्या उठावानंतर देशभर प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे झाले. १८६१ मध्ये कब्बन यांनी कोडवांना त्यांतून वगळले. कारण उघड होते : उठावाच्या काळात कोडगू ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहिला होता. म्हणजे आज जो हक्क परंपरेचा म्हणून सांगितला जातो, त्याचा कायदेशीर जन्म परक्या सत्तेच्या कृतज्ञतेतून झालेला आहे. अवघ्या २७ वर्षांपूर्वी, १८३४ मध्ये, याच सत्तेने कोडगूचा शेवटचा राजा चिक्कवीर राजेंद्र याला पदच्युत करून त्याचे राज्य खालसा केले होते. त्या ऱ्हासाची कथा मास्ति वेंकटेश अय्यंगार यांनी १९५६ मध्ये ‘चिक्कवीर राजेंद्र’ या कन्नड कादंबरीत मांडली.

तथापि ब्रिटिशांनी मान्य केलेली वस्तू ब्रिटिशांनी निर्माण केलेली नव्हती. कोडगूच्या राजांनी लढाईच्या चाकरीच्या मोबदल्यात घराण्यांना अल्प साऱ्यावर वंशपरंपरागत जमिनी दिल्या. त्याच जम्मा जमिनी. हाक येताच शस्त्रानिशी हजर होणे हे त्या जमिनीचे ऋण होते. मराठी वाचकाला येथे शिलेदार आणि बारगीर हा भेद आठवल्यावाचून राहणार नाही. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदार मात्र स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, आणि म्हणून त्याचा आबही वेगळा असे. कोडव शेतकरी हा एका अर्थाने शिलेदारच होता. फरक इतकाच की मराठी शिलेदाराची हत्यारे काळाच्या ओघात गेली आणि कोडवाची घरात राहिली.

ती कशी राहिली, हे पाहण्याजोगे आहे. कोडवांच्या मूळ वडिलोपार्जित घराला ‘ऐनमने’ म्हणतात आणि त्यातील देवघराला ‘कन्नि कोंबरे’. ऐन पावसाळ्यात भातलावणीची धांदल सुरू झाली की घरातील शस्त्रे या खोलीत ठेवली जात. त्या दिवसांत शिकार वर्ज्य असे; नांगर हाती असताना बंदूक हाती घ्यावयाची नाही, असा हा संकेत होता. लावणी संपल्यावर सप्टेंबरच्या आरंभी ‘कैल पोळ्द’ हा शस्त्रांचा सण येतो. तेव्हा बंदुका बाहेर काढून पुसतात, गंध लावतात आणि नळीच्या तोंडाशी कळलावीचे तांबडे-पिवळे फूल खोवतात. त्या फुलाचे कोडव भाषेतील नावच बंदुकीचे फूल या अर्थाचे आहे. मग घरातील वडीलधारी व्यक्ती तरुणाच्या हाती बंदूक देते. वाघाची वा रानडुकराची वाट अडवू नये, संकटात मित्राला अंतर देऊ नये, अशा आशयाचा उपदेश त्या वेळी करण्याची प्रथा होती. मुलगा जन्मला की आकाशात बार काढावयाचा, माणूस गेला की बार काढून गावाला वर्दी द्यावयाची, सुगीच्या ‘पुत्तरी’ सणात भाताची पहिली लोंबी कापतानाही बार काढावयाचा, अशी या बंदुकीची कामे. ती कामे ठरलेली होती आणि ती सर्वांदेखत होत असत. वर्षातील काही काळ बंदूक उचलावयाची आणि काही काळ ती ठेवून द्यावयाची, ही शिस्त कोणत्याही सरकारी नियमाने घातलेली नव्हती.

मराठी प्रदेशाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ या एकाच वर्षी, दोन कायदे आले : एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधन घातले, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्रावर. पहिला कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. दुसरा स्वातंत्र्यानंतरही १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत नाव न बदलता उभा होता. लेखणी काही वर्षांत परत मिळाली, शस्त्र मिळाले नाही. आणि त्यामुळे शस्त्राविषयीची सारी उत्कटता लेखणीत उतरली. १८७९ चे वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड, दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तातील सैन्यात शिरकाव न मिळाल्याची सल, शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’मधील वक्रोक्ती या सर्वांच्या मुळाशी निःशस्त्र केल्या गेलेल्या समाजाचा सल आहे. घरात बंदूक आलीच तर ती चोरून आली. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या खोट्या तळाखाली दडवून मुंबईत आणली गेली, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या त्यांपैकीच एका पिस्तुलाने.

पेटीचा खोटा तळ आणि देवघर ही शस्त्र ठेवण्याची केवळ दोन ठिकाणे नाहीत, त्या दोन मनोवृत्ती आहेत. जेथे शस्त्र हिरावले गेले तेथे त्याला हौतात्म्याचे वलय आले. जेथे ते घरात राहिले तेथे त्याला नांगर, कोयता यांच्या पंक्तीला बसावे लागले. मराठीत खंडेनवमीला आजही शस्त्रपूजन होते. परंतु बहुसंख्य घरांत पूजेला असतात ती विळी, कातर, कारागिराची अवजारे आणि विद्यार्थ्यांची पुस्तके. शस्त्र गेले आणि पूजा उरली.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाचा विचार केला, तो संविधान सभेत. शस्त्र बाळगण्याचा हक्क काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नमूद झाला होता. त्याचा आधार घेऊन डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, देशासाठी शस्त्र हाती घेण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वांना सरसकट हा हक्क दिला तर गुन्हेगारांनाही तो मिळेल, हेही त्यांनी दाखवून दिले. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेच्या घटनेने १७९१ मध्ये जो हक्क मान्य केला, तो भारताने जाणीवपूर्वक मान्य केला नाही. येथे बंदूक हा हक्क नसून परवानगी आहे, आणि कोडगूची सूट ही त्या परवानगीतील एक अपवादात्मक तरतूद आहे. तिलाही सीमा आहेत : १९६० च्या दशकातील अधिसूचनांनी ती एक रायफल आणि एक साधी नळीची बंदूक यांपुरती ठेवली, काडतुसांची संख्याही ठरवून दिली, पिस्तुले व रिव्हॉल्व्हर तीत बसत नाहीत.

परंपरेचे हे चित्र निर्दोष मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. शिकारीतील अपघात, वाटणीच्या वादात झाडलेली गोळी, रागाच्या भरात भिंतीवरून उतरवलेली बंदूक या गोष्टी कोडगूतही घडल्या आहेत. गंध लावल्याने बंदूक निर्धोक होत नाही. शिवाय ज्या जीवनक्रमात ही शिस्त रुजली होती, तो क्रमच पालटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा अपराध ठरला. भाताची खाचरे मागे पडून कॉफीचे मळे वाढले. लावणीचा हंगाम ज्यांच्या अंगवळणी होता, त्यांची मुले शिक्षण-नोकरीसाठी बंगळुरात येऊन स्थायिक झाली. अनेक ऐनमने वर्षातून सणापुरती उघडतात. चार भाऊबंद ये-जा करीत असलेल्या घरात देवघरातील बंदूक सर्वांच्या नजरेखाली असे. कुलूपबंद घरात ती कोणाच्याच नजरेखाली नसते, आणि बंगळुरातील सदनिकेत तिला ठेवण्यास कन्नि कोंबरे नसते.

२०१६ चे शस्त्र नियम या पोकळीचा विचार करतात. परवाना मागणाऱ्याने शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. ही हमी म्हणजे जुन्या संकेताचेच रूक्ष, कागदी रूप होय. पण परवान्यातूनच ज्याला सूट आहे, त्याला ती हमी मागणार कोण? त्याच्या बाबतीत भिस्त ठेवावयाची ती घराच्या रीतीवरच. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या परंपरेचा खरा कस येथे लागतो.

२०२९ मध्ये ही मुदत पुन्हा विचारार्थ येईल, तेव्हा दोन्ही बाजूंनी शौर्य, निष्ठा आणि समता यांची चर्चा होईल, आणि ती आवश्यकही आहे. परंतु कोडवांच्या बाजूने मांडण्यासारखा सर्वांत बळकट पुरावा १८५७ च्या एकनिष्ठेत नाही. तो त्या पावसाळी महिन्यांच्या रिवाजात आहे, ज्यात शस्त्राचा हक्क असलेला माणूस ते आपण होऊन देवघरात ठेवी आणि दार ओढून घेऊन शेतावर जाई.