तळ्याकाठचे दिवे

तळ्याच्या काठी दीपगृह! ऐकताना जरा चमत्कारिकच वाटते. दीपगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा येतो आणि पलीकडे अथांग समुद्र. तळ्याला काय, घाट असावा, देऊळ असावे, फार तर देवळापुढे एखादी दीपमाळ. पण उत्तर अमेरिकेत जी पाच मोठी सरोवरे आहेत, त्यांना तळी म्हणणे हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातला उपचार आहे. त्यांपैकी मिशिगन सरोवराचेच पाहा ना. त्याची लांबी सुमारे ४९० किलोमीटर आहे आणि रुंदी, जिथे ती सर्वांत अधिक आहे तिथे, १९० किलोमीटर. मुंबईपासून पणजीपर्यंतचे सरळ अंतरही या लांबीपेक्षा कमीच भरेल. पाणी गोडे खरे, पण काठावर उभे राहिले की पलीकडचा तीर दिसत नाही.

या पाण्यावरचे वादळ समुद्रावरच्या वादळाहून एका परीने अधिक घातकी असते. भरसमुद्रात जहाजाला वाऱ्यापुढे पळायला जागा असते. इथे काही तासांतच जमीन आडवी येते आणि जहाज किनाऱ्यावर आपटते. लाटाही आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक. त्यातून नोव्हेंबर महिना हा खास वादळांचा. आणि नेमकी तेव्हाच, पाणी गोठण्यापूर्वी शेवटची खेप साधून घ्यावी म्हणून नावाड्यांची घाई! १८२५ साली ईरी कालवा खुला झाला. त्याने सरोवरांची वाट न्यूयॉर्कच्या बंदराशी जोडली. माणसे पश्चिमेकडे येऊ लागली, धान्य आणि लाकूड पूर्वेकडे जाऊ लागले. जहाजे वाढली तशी फुटणारी जहाजेही वाढली. मग एकामागून एक दिवे उभे राहिले. शिकागोच्या नदीमुखावर १८३२ पासून दिवा होता.

मनोरा बांधला म्हणजे दिवा लागला असे मात्र नाही, बरे का. विजेपूर्वीच्या काळात मनोऱ्याच्या माथ्यावर तेलाची ज्योत असे आणि तिच्याभोवती काचेचे मोठे भिंग. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे भिंग योजिले होते. ते विखुरलेला उजेड गोळा करून क्षितिजाकडे पाठवी. पण ज्योतीची काजळी भिंगावर धरे. वात रात्रीतून पुन्हा पुन्हा कापावी लागे, काच रोज पुसावी लागे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कुणीतरी जागे राहिलेच पाहिजे. हे कुणीतरी कोण, असे विचारले तर मिशिगनच्या काठावर एक अनपेक्षित उत्तर मिळते. कित्येक ठिकाणी हे काम बायकांनी केले आहे. आपण दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे निघू आणि तीनच ठिकाणी थांबू.

पहिला मुक्काम इंडियाना राज्यातील मिशिगन सिटी हे गाव. येथील १८५८ सालचे दीपगृह म्हणजे चक्क एक राहते घर होते आणि छपरावर काचेची दीपकोठी. १८६१ साली हॅरिएट कोलफॅक्स या बाईंची तेथे नेमणूक झाली. त्यांचे एक भाऊबंद अमेरिकेच्या लोकसभेचे सभासद होते, ते पुढे उपाध्यक्षही झाले. तेव्हा वशिला होताच. पण वशिल्याने काही त्रेचाळीस वर्षे दिवा जळत नाही! घरावरच्या दिव्याखेरीज १८७१ पासून बंदराच्या धक्क्याच्या टोकावरचा दिवाही बाईंकडे आला. त्या काळी जाळायला डुकराच्या चरबीचे तेल वापरीत. थंडीत ते थिजे. म्हणून बाई ते घरी चुलीवर तापवून घेत आणि लाटा अंगावर घेत धक्क्यावरून चालत जात. पोचेपर्यंत तेल पुन्हा घट्ट झाले, तर परत फिरायचे आणि पुन्हा तापवायचे. १९०४ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. त्यांच्या हातच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. ते घरही आहे. १९७३ पासून तेथे संग्रहालय भरले आहे.

दुसरा मुक्काम पश्चिम काठावर, मिल्वॉकी शहराचा नॉर्थ पॉइंट. इथली सध्याची दीपगृहाची वास्तू १८८८ची. पुढे भोवतालच्या बागेतील झाडे वाढली आणि दिवा झाकला जाऊ लागला. तेव्हा जुना मनोरा उचलून नव्या पायावर चढविला आणि त्याची उंची ७४ फूट झाली. १९९४ साली हा दिवा बंद झाला. २००७ पासून लोकांना आत जाता येते, वर चढताही येते. या ठिकाणी १८८१ ते १९०७ जॉर्जिया स्टेबिन्स या रक्षक होत्या. त्यांच्या आधी त्यांचे वडील डॅनियल ग्रीन या जागेवर होते.

तिसरा मुक्काम उत्तरेकडे, बीव्हर बेटावर. १८७२ साली येथील दीपरक्षक क्लेमेंट व्हॅन रायपर फुटत्या जहाजावरील माणसाला वाचविण्यासाठी होडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. त्यांचा देहही सापडला नाही. त्यांची पत्नी एलिझाबेथ हिने दुःखातही दिवा विझू दिला नाही. सरकारने तीच जागा तिला दिली. १८८४ साली तिची बदली समोरच्या मुख्य भूमीवरील लिटल ट्रॅव्हर्स येथे झाली. तेथे ती १९१३ पर्यंत होती. म्हणजे एकंदर चाळीसाहून अधिक वर्षे! १९०५ साली तिने आपल्या आठवणींचे पुस्तकही प्रसिद्ध केले. बीव्हर बेटाच्या बंदरावर मनोरा अजून उभा आहे. रक्षकाचे घर तेवढे गेले.

पुढे यंत्रे आली आणि हे काम हळूहळू पुरुषांकडे गेले. वीज आली आणि माणसाचीच गरज उरली नाही. १९३९ साली अमेरिकेतील सारी दीपगृहे तटरक्षक दलाकडे सोपविली गेली. जुनी दीपगृहे गावांना आणि संस्थांना जतनासाठी देता यावीत, म्हणून २००० साली तेथे खास कायदा झाला. विटा, भिंगे, जिने यांची त्यामुळे सोय झाली. काम करणाऱ्यांची आठवण मात्र कायद्याने राखता येत नाही. ती कागदावर राहते, आणि कागद कुणाच्या नावाचा होता यावर सारे अवलंबून असते. कोलफॅक्सबाई नोंदी ठेवीत म्हणून त्यांचे तेल आपल्याला कळले. एलिझाबेथने लिहिले म्हणून तिचे दुःख कळले. ज्यांनी काही लिहिले नाही, अशा बायका आणि मुली किती असतील?

म्हणून तुमच्यापैकी कुणी कधी त्या काठाला गेलात, तर मनोऱ्याची उंची विचारून झाल्यावर रक्षकांची यादीही पाहा. मिल्वॉकीच्या यादीपाशी जरा थांबा. १८७४ ते १८८१ या सात वर्षांपुढे तिथे डॅनियल ग्रीन यांचे नाव आहे. ते आजारी असत, आणि त्या सात वर्षांत रात्री वात कापायला त्यांची मुलगी जिना चढत होती.